आम्लधर्मी जमिनीत लिंबूवर्गीय झाडाचं मूळ ॲल्युमिनियमपासून कसं सांभाळावं

लिंबूवर्गीय रोपं वाढवणं आणि त्यांच्यासाठी माती तपासणं ही माझी रोजची दोन कामं. त्यामुळे पिवळ्या पडलेल्या झाडाचा फोटो दाखवून "यावर काय फवारू?" असं विचारणारे खूप भेटतात. मी उलट विचारते, मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) किती? उत्तर ५ च्या आसपास किंवा त्याहून कमी आलं, तर पानांचा फोटो बाजूला ठेवते आणि मुळांचा मागवते. ॲल्युमिनियमचा त्रास पानांत ओळखू येईल असा वेगळा दिसत नाही. कधी तो स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेसारखा दिसतो, कधी मॅग्नेशियमच्या, कधी नुसत्या पाण्याच्या ताणासारखा. लोक मग त्या-त्या लक्षणावर खर्च करत राहतात आणि मूळ तसंच खुरटलेलं राहतं.

म्हणून इथे पानांचं कमी आणि मुळाच्या शेंड्याचं जास्त सांगणार आहे. खरी लढाई तिथल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच चालते.

जमिनीत काय घडतं

ॲल्युमिनियम बाहेरून येत नाही. मातीच्या चिकणकणांच्या घडणीतच ते असतं. भूकवचाच्या वजनात त्याचा वाटा साधारण ८ टक्के आहे. सामू ५.५ च्या वर असतो तोवर ते बहुतांशी खनिजांत अडकून पडलेलं असतं. त्याखाली ते विरघळू लागतं आणि ५ च्या खाली गेल्यावर तीन धनभारांचा मोकळा आयन (विद्युतभारित कण) वाढत जातो. मुळाला घातक असतो तो हाच. सामू एका अंकाने घसरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. गिब्साइट या खनिजाच्या हिशेबाने पाहिलं तर त्याच एका अंकात मोकळं ॲल्युमिनियम हजारपट वाढू शकतं. सामू ५.२ वरून ४.७ वर आला की "अर्धाच अंक तर आहे" असं म्हणून सोडून देऊ नका, ते यासाठी.

हा आयन मुळाच्या टोकाशी पोचला की पेशीभित्तिकेतल्या (पेशीच्या बाहेरच्या भिंतीतल्या) पेक्टिन या चिकट पदार्थाला चिकटतो. पेक्टिनच्या ऋणभारित जागा एरवी कॅल्शियम धरून ठेवतात. ॲल्युमिनियमची पकड कॅल्शियमपेक्षा फार घट्ट असते, त्यामुळे ते कॅल्शियमला हुसकावून तिथे बसतं. भित्तिका ताठर होते आणि पेशी लांबायची थांबते. मक्यावरच्या प्रयोगांत असं दिसलं की टोकामागचा एक ते दोन मिलिमीटरचा पट्टा, म्हणजे जिथे पेशींचं विभाजन संपून लांबणं सुरू होतं ती जागा, सगळ्यांत नाजूक असते. तेवढ्याच पट्ट्याला ॲल्युमिनियम लागलं तरी मूळ अडतं, आणि परिणाम काही तासांतच दिसतो.

झाड स्वतः काय करतं

लिंबूवर्गीय झाडं या बाबतीत अगदी दुबळी नाहीत, आणि त्यांना मदत करायची तर ती स्वतःचा बचाव कसा करतात हे आधी कळायला हवं.

बचावाची पहिली फळी मुळाबाहेर असते. टोकातून सायट्रेट आणि मॅलेट ही सेंद्रिय आम्लं बाहेर सोडली जातात. ती ॲल्युमिनियमला घेरतात आणि घेरलेलं ॲल्युमिनियम मुळाला त्रास देत नाही. दोघांत सायट्रेटची पकड जास्त मजबूत. (सायट्रिक आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं ते १७८४ साली, कार्ल विल्हेल्म शीले यांनी, लिंबाच्या रसातून. फळातलं आम्ल मात्र मुळाच्या कामी येत नाही. मुळाला आपलं आम्ल आपल्याच पेशीत बनवावं लागतं, पानांनी पाठवलेल्या साखरेतून.) ही आम्लं पेशीबाहेर नेणारी प्रथिनं असतात. ॲल्युमिनियम सहनशीलतेचं पहिलं जनुक २००४ साली गव्हात सापडलं, ते मॅलेट बाहेर नेणाऱ्या प्रथिनाचं. सायट्रेटची जनुकं २००७ मध्ये ज्वारीत आणि बार्लीत सापडली.

दुसरी फळी आत असते. जे ॲल्युमिनियम शिरलंच, त्याला मुळातच अडवून ठेवायचं, वर खोडात आणि पानांत जाऊ द्यायचं नाही. काही पेशीभित्तिकेत राहतं, काही रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) कोंडलं जातं, काही स्फुरदाबरोबर बांधलं जातं. चीनमधल्या फुजियान कृषी व वनशास्त्र विद्यापीठातल्या संशोधकांनी गोड संत्र्याची आणि आंबट पपनसाची रोपं शेजारी-शेजारी ठेवून हे पाहिलं. संत्र्याची रोपं जास्त सहनशील निघाली. त्यांची मुळं सायट्रेट आणि मॅलेट जास्त सोडत होती, आणि स्फुरद पुरेसं मिळालं की ॲल्युमिनियम मुळातच जास्त जखडलं जात होतं. पपनसाला हे तितकं जमलं नाही.

यातून कामाच्या दोन गोष्टी हाती लागतात. एक, पानांच्या तपासणीत ॲल्युमिनियम कमी आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ते मुळातच अडलेलं असतं. दुसरी, हा बचाव झाडाला महाग पडतो. साखर लागते, स्फुरद लागतं. पानगळ झालेलं, किडीने पोखरलेलं किंवा ताकदीबाहेर फळं धरलेलं झाड मुळाच्या टोकाशी हा खर्च किती काळ करणार? आम्लधर्मी जमिनीतल्या रोगट बागेत मी मुळांच्या उपायाबरोबर फळांची विरळणीही सुचवते ती याच कारणाने.

आधी मूळ बघा

झाडाच्या पसाऱ्याच्या कडेखाली, म्हणजे पानांवरचं पाणी जिथे ठिबकतं त्या रेषेवर, खुरप्याने हळू खणा. वरच्या वीतभर मातीतून पेन्सिलीपेक्षा बारीक मूळ शोधा आणि ओढून काढू नका. ओढलं की टोकं तुटतात आणि आपल्याला नेमकी तीच बघायची आहेत. मातीसकट ढेकूळ उचला, पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मग पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात मूळ पसरा आणि भिंगाने पाहा.

निरोगी तंतुमुळाचं टोक फिकट, जवळजवळ पांढरं किंवा मलईसारखं असतं, निमुळतं होत जातं आणि त्याच्या मागे बारीक फाटे नियमित फुटलेले असतात. ॲल्युमिनियम लागलेलं टोक बोथट आणि जाडसर होतं, तपकिरी पडतं. फाटे फुटतात पण वाढत नाहीत. मूळ गाठाळ, पोवळ्याच्या फांदीसारखं दिसू लागतं. बोटांत धरून वाकवलं तर लवचीक न राहता कडकन मोडतं.

इथे गल्लत होते ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे होणाऱ्या मूळकुजीशी. मूळकुजीत मुळाची साल सुटते. दोन बोटांत धरून ओढलं की साल हातात येते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा मागे राहतो. ॲल्युमिनियममध्ये साल घट्ट राहते, मूळ फक्त आखूड आणि जाड होतं. अर्थात एकाच झाडावर दोन्ही असू शकतात. तसं दिसलं तर निचऱ्याचं काम आधी उरका.

आणखी एक खड्डा घ्या, ४० ते ५० सेंटीमीटर खोल. वरच्या थरात मुळं बरी आहेत आणि खाली एका रेषेवर येऊन सगळी आडवी वळली आहेत, असं दिसलं तर दोष खालच्या थरात आहे. अशी झाडं ओलावा असेतोवर छान असतात आणि थोडी ओढ बसली की दुपारी पानं मिटू लागतात, कारण खाली पाणी असूनही मूळ तिथवर पोचलेलं नसतं.

मातीचा नमुना आणि आकड्यांचा हिशेब

नमुना दोन थरांचा घ्या, ० ते २० आणि २० ते ४० सेंटीमीटर. दोन वेगळ्या पिशव्या, त्यांवर स्पष्ट खूण. लोक वरचाच थर पाठवतात. आधी चुना टाकलेल्या बागेत तो वरचा थर अगदी नीट दिसतो आणि खालचं काहीच कळत नाही. नमुना झाडांच्या पसाऱ्याखालून घ्या, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातून नको. खत पडतं तिथली माती आणि मधली माती यांच्या सामूत चांगलाच फरक असतो.

प्रयोगशाळेकडून नुसता सामू मागू नका. मला हवं असतं ते असं: सामू, १ मोलर पोटॅशियम क्लोराइडने काढलेलं विनिमयक्षम (मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, सुटून येऊ शकणारं) ॲल्युमिनियम, विनिमयक्षम कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम, आणि सेंद्रिय कर्ब. सामू पाण्यात मोजलाय की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, हेही विचारा. दुसऱ्या पद्धतीत आकडा साधारण अर्धा ते एक अंकाने कमी येतो आणि दोन अहवालांची तुलना करताना फसगत होते. बाग जुनी असून वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलं असेल, तर तांबंही तपासा. आम्लधर्मी जमिनीत साठलेलं तांबं मुळांना स्वतंत्रपणे जाळतं आणि लक्षणं ॲल्युमिनियमसारखीच दिसतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा अहवालात, सेंटिमोल प्रति किलो या एककात, कॅल्शियम १.१, मॅग्नेशियम ०.४, पोटॅशियम ०.२, सोडियम ०.१ आणि ॲल्युमिनियम २.२ आलंय. बेरीज ४.०. त्यात ॲल्युमिनियमचा वाटा २.२ भागिले ४.०, म्हणजे ५५ टक्के. याला ॲल्युमिनियम संपृक्तता म्हणतात आणि माझ्या मते ती सामूपेक्षा जास्त बोलकी असते. सामू ४.८ असलेल्या दोन जमिनी असू शकतात. एकीत सेंद्रिय पदार्थ भरपूर असल्याने ॲल्युमिनियम बांधलेलं असतं आणि झाड ठीक असतं. दुसरीत तेच मोकळं असतं.

हे ॲल्युमिनियम निकामी करायला किती चुना लागेल, याचा हिशेब मी विनिमयक्षम ॲल्युमिनियमला १.५ ने गुणून करते. ही जुनी, अजूनही वापरात असलेली रीत आहे. सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तर गुणक २ धरा. आपल्या उदाहरणात २.२ गुणिले १.५ म्हणजे ३.३. एका सेंटिमोलला किलोभर मातीमागे अर्धा ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं, म्हणून किलोमागे १.६५ ग्रॅम. २० सेंटीमीटर खोलीची एक हेक्टर माती, घनता १.२५ धरली तर, २५ लाख किलो भरते. गुणाकार केला की हेक्टरी सुमारे ४.१ टन येतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४१० ग्रॅम.

ही मात्रा ॲल्युमिनियम निकामी करण्यापुरती आहे. सामू थेट ६.५ वर नेण्यासाठी याहून जास्त चुना लागेल. तो एकाच हप्त्यात ओतण्याची घाई करू नका.

चुना कोणता आणि कसा

चुनखडीची भुकटी सगळ्यांत सोपी. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही मिळतं. आम्लधर्मी जमिनीत मॅग्नेशियम बहुधा कमीच असतं आणि लिंबूवर्गीय झाडाला ते लागतंही बरंच, म्हणून मी पहिली पसंती डोलोमाइटला देते. जुन्या पानावर देठाकडे हिरवा उलटा 'व्ही' राहून बाकी पान पिवळं पडलं असेल, तर दुसरा विचारच नको. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची आम्लता मारण्याची ताकद १०० धरली तर शुद्ध डोलोमाइटची १०९ येते, विरलेल्या चुन्याची १३५ आणि कळीच्या चुन्याची १७९. शेवटचे दोन जलद आणि दाहक आहेत. उभ्या बागेत ते मी वापरत नाही. रिकाम्या जमिनीत वापरायचेच असतील तर हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडकं लावूनच.

भुकटीचा बारीकपणा बघून घ्या. पाव मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारी भुकटी लवकर कामाला लागते. दोन मिलिमीटरहून जाड खडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात आणि पोत्याचं वजन फक्त कागदावर जुळतं. मूठभर भुकटी चाळून बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढी काढाच.

लागवडीच्या आधीची संधी पुन्हा मिळत नाही. तेव्हा चुना सगळ्या शेतात टाकून जितका खोल मिसळता येईल तितका मिसळा, आणि रोपं लावण्याच्या दोन-तीन महिने आधी, ओल असताना. फक्त खड्ड्यातच चुना घातला तर झाड कुंडीत लावल्यासारखं होतं. मुळं खड्ड्याच्या भिंतीपर्यंत येतात आणि तिथून परत फिरतात. खड्डाच करायचा असेल तर तो मोठा करा, भिंती खरवडून सैल करा आणि बाहेरच्या पट्ट्यातही चुना मिसळा. वरच्या उदाहरणातल्या मातीत १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल खड्ड्यातून सुमारे ७५० किलो माती निघते. तिला सव्वा किलो शुद्ध चुनखडी पुरते. "जरा जास्त टाकलं तर काय बिघडतं" असं म्हणत पाच किलो टाकू नका. जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन सगळंच अडून बसेल.

उभ्या बागेत खोल नांगरट नको, कारण बहुतेक तंतुमुळं वरच्या थरातच असतात. पसाऱ्याखाली पृष्ठभागावर पसरवा आणि हलक्या दाताळ्याने वरवर मिसळा. पृष्ठभागावरचा चुना सुरुवातीला वरच्या काही सेंटीमीटरमध्येच काम करतो. म्हणून मात्राही १० सेंटीमीटर खोलीपुरती, म्हणजे निम्मी धरा. दीड मीटर त्रिज्येच्या पसाऱ्याखाली ७ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे एका झाडाला अंदाजे दीड किलो. पुढचा हप्ता माती पुन्हा तपासून मगच. चुना आणि युरिया किंवा अमोनियमची खतं एकाच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सुपर फॉस्फेटही चुन्याबरोबर मिसळू नका.

खालच्या थरासाठी जिप्सम

चुना खाली उतरत नाही, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) उतरतं. त्याने सामू फारसा बदलत नाही, पण विरघळलेलं कॅल्शियम आणि सल्फेट पाण्याबरोबर खाली जातं. कॅल्शियम मुळाच्या टोकाला आधार देतं आणि सल्फेट ॲल्युमिनियमशी जोडी जमवून त्याची विषारी धार कमी करतं. ब्राझीलच्या सेराडो पठारावरच्या आम्लधर्मी लाल जमिनींत मुळं खोल नेण्यासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे.

जिप्समची खोड एकच. खाली जाताना ते मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही सोबत घेऊन जातं. म्हणून नुसतं जिप्सम कधीच देऊ नका. वर डोलोमाइट, खाली जिप्सम, अशी जोडी ठेवा. हलक्या रेताड जमिनीत मात्रा कमी आणि हप्त्यांत विभागून. पालाशही (पोटॅशियम) नंतर तपासून भरून काढा.

खुंट निवडताना

मातीतली मुळं खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या रोपाची असतात, वरच्या कलमाच्या जातीची नव्हेत. त्यामुळे सहनशीलतेचा प्रश्न आधी खुंटाला विचारायचा. फ्लोरिडातल्या संशोधकांनी १९९१ साली पाच खुंट ॲल्युमिनियमच्या द्रावणात वाढवून तुलना प्रसिद्ध केली होती. शेंड्याच्या वाढीवरून क्लिओपात्रा मँडरीन सर्वांत सहनशील ठरला, त्यामागोमाग जंभेरी, मग आंबट संत्रा, मग स्विंगल सिट्रुमेलो, आणि सर्वांत नाजूक कॅरिझो सिट्रेंज.

पण हा क्रम भिंतीवर चिकटवून त्यावरून रोपं मागवू नका. जंभेरी ॲल्युमिनियमला बरा, पण फायटोफ्थोराला बळी पडणारा. आंबट संत्रा ट्रिस्टेझा विषाणूपुढे टिकत नाही. जमीन पाणी धरणारी असेल तर मी कमी सहनशील पण मूळकुजीला दाद न देणारा खुंट घेऊन चुन्याचं काम नीट करेन. चुन्याने ॲल्युमिनियम आवरता येतं, कुजलेलं मूळ परत आणता येत नाही.

तुमच्याकडे मिळणाऱ्या बियांतून स्वतः पारख करायची असेल तर एक साधी चाचणी आहे. मला ती करायला मनापासून आवडते.

ताज्या फळातलं बी धुऊन घ्या, उन्हात वाळवू नका. लिंबूवर्गीय बी सुकलं की उगवण झपाट्याने घटते. वरचं कवच अलगद सोला म्हणजे कोंब लवकर येतो. ओल्या कागदात उबदार जागी ठेवा. मूळ दोन-तीन सेंटीमीटरचं झालं की रोपं जाळीवर बसवा, मुळं खालच्या द्रावणात सोडा आणि मत्स्यटाकीच्या पंपाने हवा देत राहा.

द्रावणात शुद्ध पाणी, लिटरला ७४ मिलिग्रॅम डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड आणि सामू ४.२. एवढंच. पोषक द्रावण वापरू नका, त्यातलं फॉस्फेट ॲल्युमिनियमला खाली बसवतं आणि चाचणी फसते. एका भांड्यात ॲल्युमिनियम शून्य ठेवा. बाकीच्यांत १००, ३०० आणि ५०० मायक्रोमोल. हेक्झाहायड्रेट ॲल्युमिनियम क्लोराइडचे २४ मिलिग्रॅम लिटरभर पाण्यात घातले की १०० मायक्रोमोल होतात. घरात तुरटी असते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो, पण तिच्यातलं सल्फेट विषारीपणा कमी करून दाखवतं. शून्याच्या भांड्याचा सामूही ४.२ च हवा, म्हणजे आम्लतेचा परिणाम वेगळा आणि ॲल्युमिनियमचा वेगळा कळतो. सामू रोज मोजा, सरकला तर जागेवर आणा, आणि दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदला.

सुरुवातीला आणि आठवड्याने प्रत्येक मूळ पट्टीने मोजा. ॲल्युमिनियमच्या भांड्यातली वाढ भागिले शून्याच्या भांड्यातली वाढ, गुणिले १००. ही टक्केवारी ज्याची जास्त, तो खुंट जास्त तग धरणारा. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मिळाला तर आणखी छान दिसतं. मुळं शुद्ध पाण्यात नीट धुऊन रंगात पंधरा मिनिटं बुडवा, पुन्हा धुवा. टोक जितकं गडद जांभळं, तितकं ॲल्युमिनियम तिथे शिरलेलं. सहनशील खुंटाचं टोक फिकट राहतं. नाजूक खुंटाचं टोक शाईत बुडवल्यासारखं होतं, त्यासाठी भिंगही लागत नाही.

पपनसाच्या बियांवर ही चाचणी करताना रोपं भरपूर घ्या. पपनसाच्या बीत एकच, संकरातून आलेला गर्भ असतो, म्हणून प्रत्येक रोप वेगळं निघतं. जंभेरी, क्लिओपात्रा, कॅरिझो यांच्या बीत मातृपेशींपासून झालेले गर्भ असतात आणि रोपं बहुतांशी एकसारखी येतात.

खतं

स्फुरद हा इथला खरा सोबती. आम्लधर्मी जमिनीत ॲल्युमिनियम आणि लोह त्याला पकडून ठेवतात, म्हणून ते विखरून टाकू नका. कुजलेल्या कंपोस्टात मिसळून मुळांजवळ पट्ट्यात द्या. पण अतिरेक नको. लिंबूवर्गीय मुळांवर केसमुळं थोडी आणि आखूड असतात. ती उणीव मायकोरायझा बुरशी भरून काढते आणि स्फुरद फार झालं की तीच बुरशी मागे हटते.

बोरॉन पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचे धागे एकमेकांना जोडून ठेवतं. चीनमधल्या वूहानच्या हुआचोंग कृषी विद्यापीठात त्रिपर्णी संत्र्याच्या मुळांवर काम झालं आहे. बोरॉन पुरेसं असताना भित्तिकेत ॲल्युमिनियम कमी चिकटतं, असं त्यातून दिसलं. मात्र कमतरता आणि अतिरेक यांतलं अंतर बोरॉनमध्ये फार थोडं असतं. पानांच्या तपासणीत कमी आलं तरच द्या, आणि तेही पातळ फवारणीतून.

नत्राचा प्रकार बदलणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. अमोनियम सल्फेटमधून दिलेल्या एक किलो नत्राची आम्लता मारायला सुमारे ५.४ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. युरियातून दिलं तर १.८ किलो. कॅल्शियम नायट्रेटने आम्लता वाढत नाही. एकीकडे चुना टाकायचा आणि दुसरीकडे वर्षभर अमोनियम सल्फेट द्यायचं, असं करणाऱ्या बागा मी पाहिल्या आहेत. तिथे सामू तसूभरही हलत नाही. गंधकाची भुकटीही अशा जमिनीत टाळा, एक किलो गंधकाची आम्लता मारायला तीन किलोंहून जास्त चुनखडी जाते.

पसाऱ्याखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं आणि ह्यूमिक पदार्थ ॲल्युमिनियम बांधून ठेवतात, म्हणजे मूळ जे काम साखर खर्चून करतं त्यातला काही भाग माती फुकट करून देते. खोडापासून वीतभर जागा मात्र मोकळी सोडा.

किती दिवसांनी काय बघायचं

पहिला फरक मुळात दिसतो. ओल आणि ऊब असेल तर काही आठवड्यांत चुना मिसळलेल्या थरात नवी पांढरी टोकं सापडायला हवीत. पानांचा रंग मात्र नव्या फुटीबरोबरच सुधारतो, जुनी पिवळी पानं हिरवी होण्याची वाट बघू नका. माती वर्षाने पुन्हा तपासा, दोन्ही थर, त्याच जागेवरून आणि त्याच पद्धतीने. वरच्या थराचा सामू ६ ते ६.५ मध्ये आला की चुना थांबवा, खालचा थर अजून आम्लधर्मी असला तरी. त्याला जिप्सम आणि वेळ द्या. नव्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा आणि पानं अरुंद, लहान दिसू लागली, तर जस्त अडलंय असं समजा आणि जस्ताची फवारणी घ्या. कॅरिझो, स्विंगल किंवा त्रिपर्णी खुंटावरच्या झाडांवर हे लवकर दिसतं, कारण जास्त सामू त्यांना सोसत नाही. अशा बागेत मी सामू ६ वर आला की हात आखडता घेते.